चार वाड्यांतला उरलेला एक

पुण्यात पेशव्यांच्या चार वाड्यांची नावे सगळ्यांना पाठ असतात: शनिवारवाडा, शुक्रवारवाडा, बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा. पहिले तीन जळाले. शुक्रवारवाडा १८२० मध्ये गेला, शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ ला पेटला आणि कित्येक दिवस धुमसत राहिला, बुधवारवाडा मे १८७९ मध्ये एका रात्रीत संपला. चौथाही त्याच रात्री पेटला होता. तरी तो बाजीराव रस्त्यावर आजही उभा आहे आणि त्याच्या तळमजल्यावर आपण पाकिटाला तिकीट चिकटवून येतो.

चौथाच का वाचला, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे. ‘नशीब’ असे एका शब्दात उत्तर देता येते आणि ते सपशेल खोटेही नाही. पण माझा धंदा जुन्या लाकडी इमारतींची तपासणी करण्याचा, आणि नशीब हा शब्द अहवालात लिहिता येत नाही. म्हणून वाडा कोणी, कशासाठी, कसा बांधला इथून सुरुवात करावी लागते.

तटाशिवायचा पेशवा

दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा शनिवारवाड्यानंतर दोन पिढ्यांनी बांधला. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला पडला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली आणि खर्च नोंदवलेला आहे १६,११० रुपये. विश्रामबागवाड्याचे साल १८०७ सांगतात आणि खर्च दोन लाख. दोन आकडे शेजारी ठेवून लगेच ‘केवढी उधळपट्टी’ म्हणायचा मोह होतो. मधे पाऊण शतक गेले, रुपयाची किंमत बदलली, आणि शनिवारवाड्याचा आकडा फक्त सुरुवातीच्या कामाचा आहे. त्याच्यावर पुढच्या प्रत्येक पेशव्याने मजले आणि महाल चढवले.

मला खर्चापेक्षा एक वेगळी गोष्ट बोलकी वाटते. शनिवारवाड्याला तट आहे, नऊ बुरूज आहेत, दिल्ली दरवाजाला हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे आहेत. विश्रामबागवाड्याला यातले काही नाही. त्याची दर्शनी बाजू सरळ रस्त्याला भिडते. दरवाजावर कोरीव लाकडी सज्जा पुढे आलेला, आतून रस्ता पाहता यावा आणि रस्त्यावरून आतली शोभा दिसावी असा. किल्ला म्हणून बांधलेल्या घराची आणि हवेली म्हणून बांधलेल्या घराची ठेवणच निराळी.

हा फरक राजकारणातून आला असे माझे मत आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याच्या वेशीवर बाजीरावाचा पराभव केला. तो पळाला, ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला, आणि मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेच्या संरक्षणात तो पुण्यात परतला. तहात निदान सहा हजार पायदळाची तैनाती फौज कबूल होती, तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला होता. ज्याचे रक्षण दुसऱ्याची पलटण करते त्याने दगडी तट कशाला उभारायचा? दोन लाखांचा वाडा आणि दरसालचे २६ लाख, खरा खर्च कुठे होत होता ते यावरून कळते.

शनिवारवाड्यात त्याचे मन रमत नसणार, हेही समजण्यासारखे आहे. तिथे ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला होता आणि त्या प्रकरणात बाजीरावाच्या वडिलांचे, राघोबादादांचे, नाव कायमचे अडकले होते. १७९५ मध्ये सवाई माधवराव त्याच वाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून गेले. गादीचे घर म्हणून शनिवारवाडा ठेवायचा आणि राहायला मात्र नवे घर बांधायचे, हा माणसासारखा निर्णय झाला. इथे त्याची पत्नी वाराणसीबाई राहत असे. बाजीरावाने या वाड्यात जवळजवळ अकरा वर्षे काढली, असे सांगतात. जून १८१८ मध्ये तो इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला, बिठूरला गेला आणि पुन्हा पुण्यात आला नाही.

भार कोण उचलतो

वाडा पाहायला आलेल्या माणसाला भिंती जाड दिसतात, म्हणून त्याला वाटते की भिंतींवर घर उभे आहे. खरे घर लाकडाच्या सांगाड्यावर उभे असते. भिंती बऱ्याच अंशी त्या सांगाड्याच्या अंगावरचे कपडे आहेत.

पुण्याच्या वाड्यांची रीत अशी. जोते घडीव दगडाचे, कमरेइतके किंवा जास्त उंच. त्यावर ठरावीक अंतराने दगडी तळखडे. प्रत्येक तळखड्यावर सागाचा एक खांब. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडावर नुसते ठेवतात. मातीतली ओल आणि वाळवी बुंध्याला लागू नये म्हणून. खांबाच्या माथ्यावर हस्त, म्हणजे आडवा लाकडी ठोकळा, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्यांचा पाट. हा झाला कडीपाट. त्याच्यावर मातीचा थर चोपून वरच्या मजल्याची जमीन करायची आणि तिला शेणाने सारवायचे किंवा चुन्याने घोटायचे. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, आणि घराचे माप खणांत सांगतात: तीन खणी सोपा, पाच खणी दिवाणखाना. सुताराला खण सांगितला की लाकूड किती लागेल ते तो मनात मोजत असे.

जोड लोखंडाशिवाय. खांबाच्या डोक्याला कूस, म्हणजे खुंट, काढायची, वरच्या लाकडाला साल, म्हणजे खाच, पाडायची, एकात एक बसवून पाचर ठोकायची. असा जोड थोडा हलतो. आजच्या इंजिनिअरला हलणारा जोड पाहिला की घाम फुटतो, पण भूकंपात हाच हलकासा ढिलेपणा कामाला येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या धक्क्यात पुण्यातले वाडे कुरकुरले, आणि सांगाडा सांगाड्याच्या जागी राहिला असे जुनी माणसे सांगतात. अर्थात अंगातले भेंडे, म्हणजे मातीच्या कच्च्या विटा, आणि गिलावा पडतो. कपडे फाटतात, हाडे राहतात.

भिंत खाली दगडाची, वर विटांची किंवा भेंड्यांची, मातीत बांधलेली, आणि पुष्कळदा तिच्या पोटातच खांब लपवलेले. हा लपलेला खांब पुढे फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून लक्षात ठेवावा.

विश्रामबागवाड्याच्या वरच्या दिवाणखान्यात जे खांब उघडे दिसतात ते सुरूच्या घाटाचे. सुरूच्या झाडासारखे खाली भरीव आणि वर निमुळते, बुंध्याला पाकळ्यांचे कोरीव काम. माथ्याला केळफुले लोंबतात आणि दोन खांबांमध्ये लाकडी महिरप असते. ही महिरप दगडी कमानीचे सोंग आहे. दगडी कमान भार उचलते. लाकडी महिरप तुळईखाली बसवलेली कातीव फळी असते, तिच्या डोक्यावर काहीच वजन नसते. मोगली इमारतींतला आकार मराठी सुताराने उचलला तो असा, फक्त डोळ्यांसाठी. मला यात खोटेपणा दिसत नाही. ज्या सुताराला तुळई कशी बसवायची ते पक्के माहीत आहे त्याला खाली थोडी नक्षी मिरवायचा हक्क आहे. पण तपासणीला गेलेल्या पोराने महिरपीला तडा पाहून ‘स्ट्रक्चरल क्रॅक’ लिहिले की मी त्याला परत पाठवतो.

शनिवारवाड्याचे लाकूड जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीकडून आला असे सांगतात. विश्रामबागेचे लाकूड नेमके कोणत्या रानातले यापेक्षा ते सागाचे आहे हे महत्त्वाचे. सागात तेल असते, वाळवी त्याच्या गाभ्याला सहजासहजी तोंड लावत नाही. मात्र बाहेरचा पांढरा भाग तेवढा पक्का नसतो, आणि ओल कायम राहिली तर गाभाही मऊ होतो.

मालक गेल्यावर

१८१८ नंतर कंपनी सरकारच्या हाती पेशव्यांचे वाडे आले आणि सगळ्यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. एवढ्या मोठ्या लाकडी इमारती रिकाम्या ठेवल्या तर दोन पावसाळ्यांत त्या बसतात. कौल सरकते, एक धार आत पडते, ती धार वाशाच्या टोकावर पडत राहते आणि कोणाच्याही लक्षात येत नाही. राहत्या घरात बाई ओरडते, ‘अहो, गळतंय!’ आणि दुसऱ्या दिवशी गडी माळ्यावर चढतो. रिकाम्या घरात ओरडायला कोणी नसते. लाकडी घराची देखभाल म्हणजे निम्मी तरी ही ओरड आहे.

विश्रामबागवाड्याला १८२१ मध्ये पाठशाळा मिळाली. पेशवे दरवर्षी श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्या दक्षिणेच्या पैशाचा काही भाग वळवून कमिशनर चॅप्लिनच्या काळात इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे तीच पूना कॉलेज झाली, मग डेक्कन कॉलेज, आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत गेली. पेशव्याच्या राणीच्या दिवाणखान्यात न्याय आणि व्याकरण घोकले जात होते, ही कल्पना मला आवडते. घरासाठी त्याहून चांगली गोष्ट ही की पाठशाळेत रोज माणसे होती आणि त्यांच्याकडे वजनदार काही नव्हते. पोथ्या, चटया, विद्यार्थी.

इथे एक घाईचा निष्कर्ष टाळायला हवा. ‘वापरात होता म्हणून वाचला’ असे म्हणून प्रकरण मिटवता येत नाही. बुधवारवाडाही वापरात होता. तिथे सरकारी कामे चालत आणि गावाचे वाचनालयही होते. शनिवारवाड्यातही कंपनी सरकारने तुरुंगासारखी कामे ठेवली होती. ते दोन्ही जळाले. तेव्हा वापर हे कारण अपुरे आहे. आग लागल्यावर काय झाले आणि आग विझल्यावर काय झाले, हे वेगवेगळे पाहायला हवे.

मे १८७९ ची रात्र

त्या मे महिन्यात वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड चालू होते. १३ तारखेच्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा दोन्ही पेटले. एकाच रात्री दोन ठिकाणी आग म्हणजे अपघात नव्हता, लावलेली आग होती, आणि संशयाची सुई आधी बंडखोरांकडे वळली. कोणी लावली हा इतिहासकारांचा प्रांत. मला रस आहे तो लाकूड कसे जळते यात.

लाकूड जळते एवढे सगळ्यांना माहीत असते. ते किती हळू जळते हे फार थोड्यांना माहीत असते. सागासारखे कठीण लाकूड जळताना पृष्ठभागावर कोळशाचा थर धरते, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. हिशेबासाठी मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर खोलवर आग जाते असे धरतात. म्हणजे एक फूट जाडीचा, ३०० मिलिमीटरचा चौकोनी खांब तासभर चारही बाजूंनी जळला तर प्रत्येक बाजूचे ३० मिलिमीटर गेले. आत २४० चा खांब शिल्लक, म्हणजे क्षेत्रफळाने ६४ टक्के. जुने सुतार गरजेपेक्षा जाड लाकूड वापरत, त्यामुळे उरलेला ६४ टक्के खांब बहुधा भार पेलतो. उघडे लोखंड याच आगीत तापून वाकते आणि छत खाली आणते.

मग वाडे जळून खाक कसे होतात? कारण वाड्यात जाड लाकडाबरोबर पातळ लाकूड भरपूर असते. इंचभर जाडीची फळी दोन्ही बाजूंनी पेटली की साधारण पंचवीस मिनिटांत संपते. छताच्या रिपा, महिरपी, जाळ्या, झरोके, जिन्याच्या पायऱ्या, सगळे पातळ. छताखालचा पोटमाळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतो, मधे आडवी भिंत नसते. आग एकदा तिथे पोचली की ती आढ्याखालून धावते आणि वरून खाली येते. रिपा जळल्या की कौले कोसळतात, तो ढिगारा वरच्या जमिनीवर पडतो, आणि खांब शाबूत असतानाही कड्या मोडतात. सात मजली म्हणून नावाजलेल्या शनिवारवाड्यात असे एकावर एक मजले होते. वरचा खालच्यावर पडत गेला, आणि शेवटी दगडाचे तेवढे उरले: तट, दरवाजे, जोती, कारंज्यांचे हौद.

विश्रामबागवाडा त्या मानाने बुटका आणि पसरट. आगीला वरून खाली यायला फार मजले नव्हते, आणि एका चौकाभोवतीचा भाग जळला तरी दुसऱ्या चौकापर्यंत पोचायला तिला मोकळे अंगण ओलांडावे लागत होते. चौक हवा-उजेडासाठी असतो हे खरे, पण आगीच्या रात्री तो खंदकाचे काम करतो.

मजल्यांवरच्या मातीचाही मी इथे विचार करतो. पाटावरचा चार इंची मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला दीडशे-पावणेदोनशे किलो. एवढे वजन रोज उगाच वागवायचे म्हणून आजचे आर्किटेक्ट हा थर काढून टाकायला सांगतात. पण आग खालच्या खोलीत लागली तर हीच माती तिला वरच्या मजल्यावर लवकर जाऊ देत नाही, आणि वरून पेटते निखारे पडले तर पाट लगेच पेटत नाही. तोटा असा की विझवायला ओतलेले पाणी ही माती पिऊन घेते, तिचे वजन आणखी वाढते, आणि आधीच भाजलेल्या कड्या आग विझल्यानंतर मोडतात. म्हणून आगीतून वाचलेल्या वाड्यात दुसऱ्या दिवशी आत जाणे हे आगीत जाण्याइतकेच धोक्याचे.

मोठा भाग गेला. दर्शनी कोरीव भाग उरला. चौथ्या वाड्याची गोष्ट इथून इतर तिघांपेक्षा वेगळी होते: जळलेला भाग पुन्हा बांधला गेला. त्याला लोकांनी वर्गणी दिली आणि नगरपालिकेने पैसे घातले.

ही वर्गणी मला सगळ्या प्रकरणाचा कणा वाटते. १८२० मध्ये शुक्रवारवाडा जळाला तेव्हा पेशवाई बुडून दोन वर्षे झाली होती. वर्गणी कोण गोळा करणार आणि कोणाकडे देणार? १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला तेव्हाही तो परक्या सरकारच्या ताब्यातला वाडा होता. १८७९ पर्यंत पुणे बदलले होते. नगरपालिका होती, सार्वजनिक सभा होती, वर्तमानपत्रे होती, आणि विश्रामबागेत शिकून गेलेल्या माणसांच्या दोन पिढ्या शहरात होत्या. ज्या जागेत आपण मुळाक्षरांच्या पुढचे काही शिकलो त्या जागेसाठी माणूस खिशात हात घालतो. पेशव्याच्या आठवणीने तेवढे पैसे जमले असते का, मला शंका आहे.

तरी बुधवारवाड्यासाठी हे झाले नाही, कारण तिथे जोडायला काही उरलेच नव्हते. दर्शनी भाग उभा असला की मागचे पुन्हा बांधावेसे वाटते. राखेच्या मैदानावर लोकांना मैदानच दिसते. म्हणजे सरतेशेवटी नशीब आलेच: कोणता भाग जळला आणि कोणता उरला याचे.

जुने किती, नवे किती

काही जाणकार इथे नाक मुरडतात. अर्धा वाडा १८७९ नंतरचा असेल तर तो ‘पेशवेकालीन’ कसा? प्रश्न रास्त आहे पण तो लाकडी इमारतीला विचारायचा प्रश्न नव्हे. दगडी लेण्यात मूळ आणि दुरुस्ती वेगळी करता येते. लाकडी घर जन्मापासून बदलत असते. दर काही वर्षांनी कौले परततात, पन्नास-साठ वर्षांत रिपा आणि वासे बदलतात, कुजलेल्या खांबाचा बुंधा कापून नवा जोडतात. शंभर वर्षांनी जुन्या लाकडाचा किती टक्का उरला हे मोजायला बसलो तर एकही वाडा परीक्षेत पास होणार नाही. माझ्या मते मोजायचे ते खण, चौक आणि जोडाची रीत: आजोबांचा वाडा ज्या मापाने बांधला त्याच मापाने नातवाने दुरुस्त केला का?

कागदाचे वजन

मग आली नगरपालिका. १९३० पासून १९५९ पर्यंत पुण्याचा कारभार या वाड्यातून चालला. १५ फेब्रुवारी १९५० ला महानगरपालिका झाली तीही इथेच. शहराच्या दृष्टीने हा काळ मानाचा. वाड्याच्या दृष्टीने मला तो सगळ्यात जिकिरीचा वाटतो, आगीइतकाच.

कचेरी म्हटले की कागद आले. राहत्या घराच्या जमिनीवर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा भार धरून आजचे मानक हिशेब करते. कागदपत्रांच्या खोलीसाठी तेच मानक ५०० किलो धरते. अडीच पट. कडीपाट चालत्या-बसत्या माणसांसाठी केलेला असतो. माणसे येतात आणि जातात, फायली येतात आणि जात नाहीत. लाकडाला तात्पुरते वजन सहन होते, पण कायमच्या वजनाखाली ते वर्षानुवर्षे हळूहळू वाकत जाते आणि वजन काढले तरी पूर्ण सरळ होत नाही. जुन्या कचेरीच्या लाकडी जमिनीवर लिंबू ठेवले की ते कपाट जिथे होते तिकडे घरंगळते.

त्याशिवाय पार्टिशने, विजेच्या तारा, नळ, मोऱ्या. प्रत्येक नव्या टेबलासाठी एक नवा बल्ब, प्रत्येक नव्या बल्बसाठी तुळईला एक नवे भोक. आगीतून वाचलेल्या लाकडी इमारतीत उघड्या तारा ओढणे यासारखा विनोद नाही. पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे: कचेरी होती म्हणून वाडा सरकारी मालकीचा राहिला, कचेरीला गळके छप्पर चालत नाही म्हणून कौले परतली गेली, आणि कोणी वाडा विकायला काढला नाही.

हे शेवटचे किती मोठे आहे ते पेठांतल्या खासगी वाड्यांकडे पाहिले की कळते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जिथल्या तिथे गोठली. मालकाला महिन्याला मिळणाऱ्या पैशात कौले परतणे परवडेना, भाडेकरूला दुसऱ्याच्या घरावर खर्च करावासा वाटेना, आणि वारस वाढत वाढत एका वाड्याचे वीस हिस्सेदार झाले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती भिजून बसल्या. २००० मध्ये नवा कायदा लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढीची सोय आली, पण तोवर फार उशीर झाला होता. बिल्डर दारात उभा होता. विश्रामबागवाड्याला भाडेकरूही नव्हते आणि हिस्सेदारही नव्हते.

सिमेंटचा उपकार

आता त्या भिंतीच्या पोटातल्या खांबाकडे येतो. २००० नंतर महापालिकेने विश्रामबागवाड्याची टप्प्याटप्प्याने दुरुस्ती हाती घेतली आणि दर्शनी कोरीव कामावरचे थर निघाले तेव्हा पुणेकरांनी पहिल्यांदा ते लाकूड नीट पाहिले. पण नक्षी दिसते म्हणून तिच्यावर लक्ष जाते. वाड्याचा जीव न दिसणाऱ्या खांबांत असतो.

कसब्यातल्या एका खासगी वाड्यात मला हे शिकायला मिळाले. मालकांनी पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने खालच्या मजल्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. भिंत टणक, रंग ताजा. ‘आमच्या वाड्याला काही धोका नाही, साहेब,’ म्हणाले. मी कोपऱ्यात टिचकी मारली तर आवाज पोकळ. गिलाव्याचा हातभर तुकडा काढला. आत खांब होता, निदान त्याची जागा होती. बुंध्याचे लाकूड ओल्या केकसारखे चमच्याने काढता येत होते. वरच्या दोन मजल्यांचा भार भिंतीच्या मातीने आपल्याकडे घेतला होता आणि मालक खालच्या ओसरीवर बसून मला चहा देत होते.

झाले असे होते की मातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढतेच. चुन्याचा गिलावा असेल तर ती उन्हाने बाहेर उडून जाते. सिमेंट तिला बाहेर सोडत नाही. अडकलेली ओल वाट शोधते आणि तिला सागाचा बुंधा सापडतो. दोनशे वर्षे टिकलेला खांब पंधरा वर्षांत गेला, आणि तोही देखभालीने.

उपाय फार गूढ नाही. भार जॅकवर आणि लाकडी टेकूंवर घ्यायचा. कुजलेला बुंधा चांगल्या लाकडापर्यंत कापायचा, जुन्या इमारतीचे वाळलेले सागवान आणून तिरप्या जोडाने लावायचा, तळखडा साफ करून खांब पुन्हा दगडावर टेकवायचा. गिलावा चुन्याचाच. त्यात गूळ आणि बेलफळ घालणारे कारागीर अजून मिळतात, शोधावे लागतात. सगळ्यात अवघड भाग म्हणजे खर्चाचा अंदाज, कारण भिंत उघडल्याशिवाय किती खांब गेलेत हे कळत नाही आणि टेंडर मात्र भिंत उघडण्याआधी काढावे लागते. सरकारी कामात वाड्यांची दुरुस्ती वर्षानुवर्षे रेंगाळते त्याचे निम्मे कारण हेच आहे. प्रत्येक वेळी आळस किंवा भ्रष्टाचार शोधायची गरज नाही.

आता काय ठेवावे तिथे

वाड्यात पोस्ट आहे, शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन भरते, हस्तकलेच्या वस्तू विकायला असतात, दिवाणखान्यात कार्यक्रम होतात. काहींना पोस्ट खटकते. पेशव्याच्या वाड्यात मनीऑर्डर कशाला? माझे मत उलट आहे. मला विचाराल तर पोस्ट शेवटपर्यंत ठेवावे. रोज सकाळी कुलूप उघडणारा, भिंतीवर ओल दिसली की वर कळवणारा आणि संध्याकाळी दिवे बंद करणारा माणूस त्याच्यामुळे तिथे असतो. वरच्या दिवाणखान्याची मात्र काळजी घ्यावी लागेल. गर्दीचे कार्यक्रम तिथे घ्यायचे तर एका वेळी किती माणसे, हा आकडा कड्यांची मोजणी करून ठरवावा आणि दारावर लिहावा. शंभर माणसे खुर्च्यांवर बसली तर जमीन काही म्हणणार नाही; तीच शंभर माणसे एका तालात टाळ्या देत उभी राहिली तर मला खालच्या खोलीत थांबायचे नाही. पोटमाळ्यात दर काही खणांनंतर आगीला अडवणारी आडवी भिंत घालावी, ती कोणाला दिसणार नाही आणि नक्षीला धक्काही लागणार नाही. १८७९ मध्ये ती असती तर वर्गणी थोडी कमी लागली असती.

पुढच्या वेळी तिकडे गेलात तर आधी रस्त्याच्या पलीकडून सज्जा पाहा, तो पाहण्यासारखाच आहे. मग आत जाऊन कोणत्याही उघड्या खांबाच्या बुंध्याशी वाका. खाली दगड दिसतो का, दगड आणि लाकडाच्या मधल्या फटीत बोट फिरवल्यावर ओल लागते का, ते बघा. कोरडे असेल तर पाकीट पोस्टात टाकून घरी जा. ओले असेल तर खिडकीवरच्या माणसाला सांगा.